सात परकी पिल्लं

३ मार्च

प्रिय मावशी,

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू भलतंच ऐकतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. मागे मी "कोंबड्यांवर काम करते" म्हटलं, तर तू आईला सांगितलंस की पोरगी खोकल्यावर औषध शोधते आहे. हॅचरीतल्या पंख्यांनी तुझे कान खाल्ले, आता निदान डोळे तरी सांभाळ.

काम तुझंच आहे. तू तीस वर्षं एका दिवसाची पिल्लं हातात घेऊन नर एका खोक्यात आणि मादी दुसऱ्या खोक्यात टाकतेस. आम्ही गेली चार वर्षं असं काहीतरी करतो आहोत की तशी निवड करायची वेळच येऊ नये. याला जनुक संपादन म्हणतात. घाबरू नकोस, रफू करण्यासारखंच आहे ते. कोंबडीच्या पेशीत एका ठरलेल्या जागी उसवायचं, एक टाका घालायचा आणि पुन्हा शिवून टाकायचं.

माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, कोंबडीत ते आईकडून ठरतं. आईकडून जे गुणसूत्र फक्त मुलग्यांना जातं, त्याच्यावर आम्ही खूण घातली आहे. अंडं उबवायला ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी यंत्र त्यातून एक खास प्रकाश सोडतं. नराचं अंडं चमकतं, ते तिथेच बाजूला निघतं. मादीचं चमकत नाही, कारण ती खूण तिच्यात गेलेलीच नसते. म्हणजे जी कोंबडी पुढे अंडी देणार, ती तुझ्या-माझ्या ओळखीची साधी कोंबडी. आणि एकही नर जन्माला येऊन मारला जात नाही.

आता मुद्द्याचं. मंजुरी देणाऱ्या समितीला एक कागद हवा आहे. यंत्राने मादी म्हणून ठेवलेल्या अंड्यांतली चारशे पिल्लं, हॅचरीत रोज चालतं तशी, हाताने तपासलेली. मी सरांना तुझं नाव सुचवलं. नातं सांगितलं. सर म्हणाले, चारशेत एकही चूक न करणारी दुसरी बाई आण, मग नात्याचं बघू. पण ते असंही म्हणाले की ज्या बाईची रोजीरोटी नर शोधण्यावर चालते, तिला नसलेले नरही दिसतील. मी म्हटलं, माझी मावशी तशी नाही.

सतरा तारखेला रविवार आहे, हॅचरी बंद असेल. आमचे गाडीवाले काका पिल्लं घेऊन येतील. मला यायची परवानगी नाही. करशील ना?

तुझी,
भिंगरी

९ मार्च

भिंगरी,

शहाणी झालीस. संपादक वर्तमानपत्रात असतो असं मला इतकी वर्षं वाटत होतं, तो आता कोंबडीतही शिरला म्हणायचं.

तू लिहिलेलं दोनदा वाचलं आणि समजलं. समजलं नसतं तरी समजलं म्हणाले असते, तुझ्या आईची बहीण आहे मी. पण खरंच समजलं. आईकडूनच ठरतं हे वाचून माझ्यासोबत पिल्लं निवडणाऱ्या टेबलावरच्या बाकीच्या पाचजणींना सांगितलं, त्यांना फार आवडलं. एक म्हणाली, कोंबड्यांना सासू असती तर काय झालं असतं.

तुमचं यंत्र आलं की आम्ही सहाजणी घरी बसणार, हे मला तू न सांगताही कळतं. मी त्यावर रडत बसणार नाही. माझं काम तुला माहीत आहे, तरी सांगते. पिल्लू उताणं धरायचं, शेपटीखाली अंगठ्याने हलकं दाबायचं, आत टाचणीच्या डोक्याएवढी गाठ लागली की नर. मग तो डावीकडे. तासाला आठशे होतात. डावीकडचं खोकं भरलं की एक माणूस ते उचलून मागच्या दाराने नेतो. मागच्या दाराच्या पलीकडे काय यंत्र आहे ते मी तीस वर्षांत एकदाही जाऊन पाहिलं नाही. पाहिलं नाही म्हणजे माहीत नाही असं नव्हे. तेव्हा तुमचं काम व्हावं असंच मला वाटतं. हात रिकामे राहिले तर राहिले.

सतराला येते. तुझ्या सरांचं वाक्य वाचलं.

मावशी

१७ मार्च

भिंगरी,

चारशे पिल्लं. सगळ्या माद्या. नर एकही नाही. कागदावर सही करून तुमच्या काकांच्या हाती दिला आहे, तो तुला माझ्या पत्राआधी मिळेल.

काका भला माणूस आहे. पिल्लांना गार वारा लागू नये म्हणून स्वतःचा कोट खोक्यांवर टाकून आला होता. आल्यावर त्याला चहाला पाठवलं, मग तपासायला बसले. अर्ध्या तासात काम झालं.

घरी परसात मी थोडी पिल्लं आणली आहेत पाळायला, आमच्या हॅचरीतलीच. घरी बसायची सवय आतापासून करावी म्हटलं.

अभिनंदन.

मावशी

२५ मार्च

प्रिय मावशी,

तुझा कागद सरांनी बैठकीत मोठ्याने वाचला. चारशेत शून्य. सरांनी लगेच तो दुसऱ्यांदाही वाचून दाखवला. प्रकल्पाची प्रमुख म्हणून आता माझं नाव जाईल. समिती वीस मे रोजी बसते आहे. त्याआधी ही चारशे मोठी होतील तेव्हा सगळ्यांचं रक्त तपासायचं, बस.

एक सांगू? तुझं पत्र येईपर्यंत मला धाकधूक होती. तुझ्याबद्दल नव्हे, यंत्राबद्दल. पण थोडी तुझ्याबद्दलही. आता लाज वाटते.

पिल्लं पाळायला घेतलीस हे छान केलंस. किती आहेत?

भिंगरी

१२ एप्रिल

भिंगरी,

पिल्लं आहेत थोडी. खातात फार.

काल मालकांनी आम्हा सहाजणींना बोलावलं. मंजुरी आली की यंत्र घेणार म्हणाले. तोवर काम सुरू. कागदावर कोणी सही केली ते सगळ्यांना कळलं आहे. दुपारी डबा खायला बसलो तेव्हा माझ्या बाजूची जागा रिकामी राहिली. सासूचा विनोद करणारी म्हणाली, "एक नर तरी सापडवायचा होतास गं." मी म्हटलं, नसलेला कुठून सापडवू. तिने मान फिरवली.

तुला काळजी लावायला हे लिहीत नाही, तर कुणाला तरी सांगायचं म्हणून लिहिते. कान बिघडलेल्या माणसाशी शेजारणी तशाही कमीच बोलतात.

मावशी

६ मे

प्रिय मावशी,

एक भलतंच प्रकरण झालंय.

चारशेंचं रक्त तपासून झालं. संपादनाची खूण एकीतही नाही, जसं हवं होतं तसं. पण त्यातल्या सात आमच्या नाहीतच. आमच्याकडे बाप म्हणून पाच कोंबडे आहेत. तीनशे त्र्याण्णव पिल्लांचा बाप त्या पाचांपैकी कुणी ना कुणी आहे. या सातांचा कुणीच नाही. कुठून तरी बाहेरून आलेल्या परक्या माद्या, तब्येतीने उत्तम, मजेत दाणे टिपताहेत.

सर म्हणतात, रस्त्यात बदलली. रस्त्यात खोकी फक्त काकांच्या ताब्यात होती. काका म्हणतात, मी वाटेत जेवायलासुद्धा थांबलो नाही. पण कुठलाही गुन्हेगार असंच म्हणतो, असं सर म्हणाले. परवापासून काकांना घरी बसवलं आहे. वीस वर्षं झाली त्यांना इथे, निवृत्तीला आठ महिने उरलेत. तक्रारीचा कागद मला लिहावा लागला, प्रमुख मी आहे ना. काका खाली मान घालून उभे होते. म्हणाले, "ताई, मी सात पिल्लं घेऊन काय करणार होतो?"

समितीपुढे मी काय सांगू कळत नाही. सात बदलली असतील, तर बदललेली सात कोण होती? तुला त्या दिवशी काही वावगं दिसलं का? खोक्याचं झाकण उघडं होतं, मोजणीत फरक होता, काहीही. आठवून लिही.

भिंगरी

१० मे

भिंगरी,

काका निर्दोष आहे. सात पिल्लं मी बदलली.

हे वाचून खाली बस आणि पुढचं सावकाश वाच.

त्या दिवशी काकाला चहाला पाठवून मी तपासायला बसले. पहिल्या खोक्यात तिसराच नर लागला. मला वाटलं अंगठा चुकला. पुन्हा पाहिलं. नर. असे चारशेत सात निघाले. एकेक दोन-दोनदा पाहिला. माझा अंगठा चुकत नाही, तुला माहीत आहे आणि मलाही.

मग मी खोकी तशीच ठेवली आणि हात पुसले. समोर तुझा कोरा कागद. सात लिहिले, तर तुझे सर काय म्हणणार ते तू आधीच लिहून पाठवलं होतंस. नसलेले नर दिसतील. माझ्या मनात आलं, ही बाई पोटासाठी खोटं बोलली असं एक परका माणूस म्हणणार, आणि माझी भाची समोर बसून ऐकणार, आणि माझ्यामुळे तिचं चार वर्षांचं काम अडकणार. तेव्हा मी आत गेले, आदल्या दिवशीच्या आमच्या खेपेतल्या सात माद्या आणल्या, तुमच्या खोक्यात ठेवल्या, आणि तुमचे सात नर ओच्यात घालून घरी आणले. नोकरी वाचवायला खोटं बोलली असं कुणी म्हणू नये, म्हणून नोकरी घालवायला खोटं बोलले. तेव्हा मला ते मोठं शहाणपण वाटलं होतं.

पिवळी पिल्लं सगळी सारखीच दिसतात. रक्ताचं माझ्या डोक्यातच आलं नाही. रक्त खूण शोधायला तपासणार, बाप शोधायला नव्हे, असं मी धरून चालले. कोंबडीच्या पिल्लाचा बाप कधी कुणी विचारलाय?

आणि तुझं पत्र आलं तेव्हा खरं सांगते, पहिल्यांदा गप्पच बसायचं ठरवलं. दीड दिवस बसले. मग काकाचा कोट डोळ्यांपुढे येत राहिला. माझ्या मानापायी त्याची अब्रू जाते आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं झालं हे, आणि चोर मी.

आता कामाचं. ते सात माझ्या परसात जिवंत आहेत. तुरे लाल झालेत, एकाने घसा साफ करायला सुरुवात केली आहे. तुला त्यांचं रक्त हवं असेल तर माणूस पाठव. हे पत्र सरांना दाखव, काकाला दाखव, हॅचरीच्या मालकांना मी स्वतः सांगते. सही खाली करते आहे, मार्चच्या कागदावर केली तशीच.

तुझी,
मावशी

१४ मे

मावशी,

पत्र सरांना दिलं. काका उद्यापासून कामावर. त्यांच्या घरी मी जाऊन आले, त्यांनी बसायला खुर्ची दिली.

समितीची तारीख मी पुढे ढकलून मागितली आहे. प्रमुखपदावरून माझं नाव तूर्त काढलं.

माणूस शनिवारी येईल रक्त घ्यायला. ते सात कुणाला देऊ नकोस, विकू नकोस.

मी तुझ्यावर फार रागावले आहे. राग उतरला की लिहीन.

भिंगरी

२९ मे

प्रिय मावशी,

राग पुरता उतरलेला नाही, पण आता तो सगळाच तुझ्यावर नाही.

तुझ्या सातांचं रक्त आलं. तुझा अंगठा बरोबर होता, सातही नर. बाप आमचाच. आणि सातांची आई एकच निघाली. ६९ नंबरची कोंबडी.

६९ ही संपादन केलेली कोंबडी नाही. तुलनेसाठी ठेवलेली साधी कोंबडी आहे ती, तिच्या अंड्यात खूण असायचं कारणच नाही. म्हणून तिच्या मुलग्यांची अंडी चमकली नाहीत आणि यंत्राने ती सोडून दिली. यंत्र चुकलं नव्हतं. मग ६९ संपादित कोंबड्यांच्या पिंजऱ्यात कशी आली? वही काढली. जानेवारीत मी काकांसाठी (कोंबड्या हलवायचं कामही तेच करतात) यादी लिहिली होती, कुठली कोंबडी कुठल्या पिंजऱ्यात हलवायची. त्यात ६१ लिहायचं होतं. मी ६१च लिहिलंय, पण माझा एक कुणीही वाचला तरी नऊ वाचेल असा आहे. शाळेत याच एकावरून तू माझ्याकडून पानंच्या पानं गिरवून घेतली होतीस. काकांनी जे दिसलं ते वाचलं आणि ६९ नेऊन ठेवली.

म्हणजे तू मार्चमध्ये "सात नर" एवढंच लिहिलं असतंस, तर आम्ही दोन दिवसांत वहीपाशी पोचलो असतो. हे मी तुला टोचायला लिहीत नाही. थोडं टोचायलाच लिहिते आहे.

आता एक गोष्ट, जी मी या पत्रात न लिहिता सोडून देऊ शकले असते. ते वाक्य सरांचं नव्हतं. "तिला नसलेले नरही दिसतील" असं सर म्हणालेच नाहीत. सरांनी फक्त नात्याचं विचारलं होतं. तो संशय मला आला होता. तुला थेट म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून सरांच्या तोंडी घातलं आणि वर, "मी म्हटलं माझी मावशी तशी नाही" असंही लिहिलं. तू ज्या परक्या माणसाला घाबरलीस तो परका माणूस मी होते. मला क्षमा कर म्हणायलाही तोंड नाही, पण म्हणते.

मी हे सरांनाही सांगितलं. ते म्हणाले, पुन्हा चारशे उबवा, पुन्हा त्यांच्याकडूनच तपासून घ्या, मात्र तुम्ही त्या दिवशी रजेवर जा.

तू हो म्हणशील असं मी धरून चालत नाही.

भिंगरी

७ जून

भिंगरी,

तुझं पत्र वाचून घडी घातली आणि कपाटात ठेवलं. चार दिवस उघडलं नाही. मला राग आला असं नाही म्हणत, वाईट वाटलं. सर म्हणाले असते तर सोसलं असतं. तुला मी अंघोळी घातल्या आहेत.

पाचव्या दिवशी पुन्हा वाचलं. तू संशय घेतलास आणि मी तो संशय खरा करून दाखवला, फक्त उलट्या बाजूने. तू शब्द लपवलास, मी पिल्लं लपवली. आता कोण कुणाला क्षमा करणार, जाऊ दे.

तपासायला येईन. माझी एकच अट आहे. काका चहाला जाणार नाही. माझ्या हातांच्या समोर खुर्ची टाकून बसेल आणि प्रत्येक पिल्लू बघेल. मालकांनी मला काढलं नाही. म्हणाले, मंजुरीपर्यंत राहा, नाहीतरी तोवरच आहे. टेबलावरच्या बायकांना मी सगळं सांगितलं. त्यांच्यापैकी दोघी परत बोलायला लागल्या आहेत, सासूवाली अजून नाही.

मावशी

२ जुलै

भिंगरी,

तुझे सर कागद पाठवतील, पण हे तुला माझ्याकडून कळावं.

चारशे बारा पिल्लं होती. सर टेबलाच्या टोकाला बसले, काका माझ्या समोर. मी काकाला आधी म्हटलं, तुमचे दोन महिने माझ्यामुळे वाईट गेले. तो म्हणाला, "दोन नाही, अकरा दिवस. बाकीचे बरे गेले." मग त्याने खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि माझ्या अंगठ्याकडे जे बघायला लागला ते शेवटपर्यंत नजर हलवली नाही.

मी सावकाश तपासलं. एरवी अर्ध्या तासाचं काम, सव्वादोन तास घेतले. पहिली शंभर माद्या. दुसरी शंभर माद्या. मधे सरांनी पाणी विचारलं, नको म्हटलं. तिसऱ्या खोक्याच्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी प्रत्येक पिल्लू गरजेपेक्षा जास्त वेळ धरते आहे. तू म्हणशील काळजीपोटी. काळजीपोटी नाही. एक नर निघावा म्हणून. एकच. एक निघाला असता तर अजून वर्षभर तुम्ही काहीतरी दुरुस्त करत बसला असता, आणि आम्ही सहाजणी टेबलावर. मागच्या वेळी सात होते आणि मी ते लपवले, या वेळी एक हवा होता आणि मी तो शोधत होते. अंगठ्याखाली जरा काही जाडसर लागलं की हाच असेल असं वाटायचं. परत बघायचे. मादी.

नसलेले नरही दिसतील, हे तुझ्या मनात आलेलं वाक्य खोटं नव्हतं, हे मला काल त्या टेबलावर कळलं. फक्त ते दिसणं आणि ते लिहिणं यांत जे अंतर आहे, तेवढं माझं मला राखायचं होतं.

शेवटचं पिल्लू तीनदा बघितलं. काका म्हणाला, "मावशी, ते आता मला पाठ झालं." मी ते बाकीच्यांत ठेवलं.

चारशे बारा. नर एकही नाही. तसं लिहिलं आणि सही केली.

मावशी